‘द फॉरएव्हर वॉर’ कशी वाचावी: आधी यंत्र, मग प्रतीक

प्रश्न थोडक्यात असा आहे: जो हॉल्डमन यांची ‘द फॉरएव्हर वॉर’ ही अमेरिकी विज्ञानकादंबरी वाचून झाली. ही व्हिएतनाम युद्धाची रूपककथा आहे असं जो तो सांगतो. मग टॉरन, म्हणजे कादंबरीतले परग्रहावरचे शत्रू, हे व्हिएतनामी, चिलखती पोशाख म्हणजे अमेरिकेचं तंत्रज्ञान, अशा जोड्या लावत वाचायची का? काळ ताणला जातो त्याचा अर्थ काय घ्यायचा? आणि इतक्या कडवट पुस्तकाचा शेवट गोड का?

विज्ञानकथा शिकवायला लागून मला बरीच वर्षं झाली आणि ही कादंबरी मी पुन्हा पुन्हा वर्गात घेतली आहे. पहिल्या प्रश्नाचं उत्तर लगेच देतो: जोड्या लावू नका. बाकीच्या प्रश्नांना वेळ लागेल आणि त्यासाठी शेवटही उघड करावा लागेल. कादंबरी अजून वाचली नसेल तर आधी ती वाचा आणि मग इकडे या.

जोड्या का लावायच्या नाहीत? कारण हॉल्डमन यांनी व्हिएतनामवर एक सरळ, वास्तववादी कादंबरी आधीच लिहिली होती. ती ‘वॉर इयर’ १९७२ साली आली. भौतिकशास्त्र आणि खगोलशास्त्राची पदवी घेतल्या घेतल्या, १९६७ साली, त्यांना सक्तीच्या भरतीत उचललं गेलं. व्हिएतनामच्या मध्य पठारी भागात ते लष्करी अभियंता म्हणून लढले आणि तिथेच जबर जखमी झाले. जंगल, सुरुंग, चिखल, भीती हे सगळं त्यांनी नाव-गावासकट एकदा लिहून टाकलेलं होतं. तरीही तोच माणूस ताऱ्यांमधलं युद्ध लिहायला बसतो. तेव्हा विचारायचं ते हे, की सरळ लिहिताना हाताला न लागलेलं असं काय होतं, ज्यासाठी त्यांना प्रकाशाच्या वेगाजवळ जाणारी जहाजं लागली?

माझ्या मते ती गोष्ट म्हणजे काळ. युद्धातला काळ आणि घरचा काळ यांच्यातली तफावत.

कथेतली यंत्रणा आधी नीट समजून घेऊ, कारण चांगल्या विज्ञानकथेत प्रतीक आधी यंत्र म्हणून चालावं लागतं. ते चाललं तरच त्यातून अर्थ निघतो. मानवी जहाजं ‘कोलॅप्सार’मधून उड्या मारतात. आज आपण ज्याला कृष्णविवर म्हणतो त्याचंच हे त्या काळात प्रचारात असलेलं एक नाव. एका कोलॅप्सारातून दुसऱ्यात जायला काहीच वेळ लागत नाही. पण कोलॅप्सारापर्यंत पोचायला आणि तिथून पुढे रणभूमी गाठायला प्रकाशाच्या वेगाच्या अगदी जवळ जावं लागतं, आणि तिथे आइन्स्टाइनचा हिशेब लागू होतो. प्रकाशवेगाच्या ९९ टक्के वेगाने जाणाऱ्या जहाजात एक वर्ष सरतं, तेव्हा पृथ्वीवर सात वर्षं उलटलेली असतात. ९९.९ टक्क्यांना हाच आकडा बावीसच्या पुढे जातो. यात कल्पना फक्त जहाजाची आहे, हिशेब खरा आहे. हॉल्डमन हे लिहीत होते त्याच सुमारास, १९७१ मध्ये, हाफेल आणि कीटिंग या दोघांनी अणुघड्याळं प्रवासी विमानांतून पृथ्वीभोवती फिरवली आणि त्यांच्या वेळेत नॅनोसेकंदांचा फरक पडलेला मोजून दाखवला.

आता हे यंत्र शिपायाला लावून पाहा. कादंबरीचा नायक विल्यम मँडेला पहिल्या मोहिमेवर जातो आणि परततो. त्याच्या शरीराच्या मते जेमतेम दोन वर्षं झालेली असतात. पृथ्वीवर पाव शतक उलटून गेलेलं असतं. पुढच्या मोहिमांत शतकंच्या शतकं जातात. कादंबरी संपते तेव्हा युद्ध सुरू होऊन अकराशेहून जास्त वर्षं झालेली असतात आणि ज्याने ते पहिल्या दिवसापासून लढलं तो माणूस अजून म्हातारासुद्धा झालेला नसतो.

व्हिएतनाममध्ये अमेरिकी सैनिकाची पाळी बहुतेक बारा महिन्यांची असे. ती संपली की तो एकटाच विमानात बसे आणि एक-दोन दिवसांत जंगलातून थेट आपल्या गल्लीत उभा राही. मधल्या काळात गाणी बदललेली, मित्रांची लग्नं झालेली, युद्धाबद्दलचं लोकांचं मत उलटलेलं. ‘एका वर्षात जग इतकं बदललं?’ ही भावना सरळ कादंबरीत लिहिली तर ती त्या शिपायाच्या मनाची अवस्था म्हणून वाचली जाते. वाचक म्हणतो, बिचाऱ्याला तसं वाटतंय. सापेक्षतेचा हिशेब घातला की ‘वाटतंय’ हा शब्दच गळून पडतो. जग खरोखरच पुढे गेलेलं असतं, घड्याळ आणि कॅलेंडर तशी साक्ष देतात. शिपायाची तक्रार भौतिकशास्त्राने खरी ठरवलेली असते. म्हणूनच मी काळाच्या ताणाला रूपक म्हणायला कचरतो. कथेत तो दाखला म्हणून येत नाही, पुरावा म्हणून येतो.

आपल्याकडे ककुद्मी राजाची कथा आहे. मुलीसाठी, रेवतीसाठी, योग्य वर कोणता हे विचारायला तो ब्रह्मलोकी जातो, एक गायन संपेपर्यंत थांबतो, आणि तेवढ्यात पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगं होऊन गेलेली असतात. मनात योजलेले सगळे वर, त्यांची मुलं, नातवंडं, काहीच उरलेलं नसतं. वर्गात मी ही कथा आवर्जून सांगतो, कारण तिच्यातला धक्का तोच आहे. फरक जबाबदारीचा आहे. ककुद्मीचा काळ देवलोकाच्या नियमाने जातो. मँडेलाचा काळ त्याच्या सरकारने सहीशिक्क्यानिशी घेतलेला असतो आणि बदल्यात साठलेला पगार हातात ठेवलेला असतो. घरी परतल्यावर तो श्रीमंत असतो. त्या पैशाने जे विकत घ्यायचं ते जग तेवढं शिल्लक नसतं.

या यंत्राची अजून एक बाजू आहे आणि ती बऱ्याच वाचकांच्या नजरेतून सुटते. शत्रूही तसाच प्रवास करून आलेला असतो. त्यामुळे समोर उभं ठाकलेलं टॉरन जहाज आपल्या काळातलं आहे, शंभर वर्षं मागचं आहे की शंभर वर्षं पुढचं, हे भिडेपर्यंत कळत नाही. मुख्यालयाने दिलेला हुकूम अमलात येतो तेव्हा तो देणारे केव्हाच मरून गेलेले असतात. लढणारा आणि लढवणारा एका काळात जगतच नाहीत. दूरवरच्या राजधानीतून चालवलेल्या कुठल्याही युद्धाचं इतकं नेमकं चित्र मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

आता बाकीच्या प्रतीकांकडे वळतो. सगळी सारख्या वजनाची नाहीत.

नावं पाहा. मँडेलाच्या तुकडीचं जीवघेणं प्रशिक्षण प्लूटोच्याही पलीकडच्या ‘केरॉन’ नावाच्या ग्रहावर होतं. ग्रीक पुराणात केरॉन म्हणजे मेलेल्यांना नदीपार नेणारा नावाडी. आपल्या वैतरणीच्या काठी तोच उभा आहे असं समजा. शिपायांनी शत्रू अजून पाहिलेलाही नाही आणि लेखकाने त्यांना मृतांच्या होडीत बसवलंसुद्धा. (प्लूटोच्या खऱ्या चंद्राचा शोध १९७८ मध्ये लागला आणि त्यालाही हेच नाव मिळालं. कादंबरी त्याआधीची आहे, तेव्हा दोघांची गल्लत करू नका.) जखमी शिपायांचे तुटलेले हातपाय जिथे पुन्हा वाढवून देतात त्या ग्रहाचं नाव ‘हेवन’, म्हणजे स्वर्ग. आणि या स्वर्गात माणसाला बरं करतात ते पुन्हा लढायला पाठवण्यासाठी. लेखकाचं पूर्ण नाव जो विल्यम हॉल्डमन, नायक विल्यम मँडेला. हॉल्डमन आणि मँडेला यांची रोमन अक्षरं जवळपास तीच, नुसती उलटसुलट लावलेली. नायिका मेरीगे पॉटर, आणि लेखकाच्या पत्नीचं माहेरचं नाव मेरी गे पॉटर. हे टिपून ठेवा, शेवटाला उपयोगी पडेल.

चिलखती पोशाख मात्र नीट थांबून वाचण्यासारखा आहे. असा पोशाख रॉबर्ट हाइनलाइन यांच्या १९५९ च्या ‘स्टारशिप ट्रूपर्स’मध्येही आहे. तिथे तो अंगात चढवला की स्वेच्छेने भरती झालेला साधा जवान महाबली होतो. मँडेलाचा पोशाखही ताकद कित्येक पटींनी वाढवतो, पण प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवसापासून भीती असते ती पोशाखाचीच. केरॉनवर जमिनीवर वायू गोठलेले आहेत. पोशाखाची उष्णता बाहेर टाकणाऱ्या पट्ट्या पाठीवर आहेत. शिपाई पाठीवर पडला तर त्या उष्णतेने गोठलेल्या वायूचा क्षणात स्फोट होऊ शकतो. शत्रूची एकही गोळी न सुटता माणसं मरू लागतात. पोशाख म्हणजे अमेरिकेचं तंत्रज्ञान एवढं लिहून पुढे गेलात तर हे सगळं निसटतं. शिपायाला जिवंत ठेवणारी वस्तूच त्याला मारायला टपलेली आहे आणि त्याने तिच्यातच राहायचं आहे. तो पोशाख म्हणजे सैन्य ही संस्थाच आहे, आणि तसं एकदाही न सांगता लेखक ते पानोपानी दाखवत राहतो.

भरतीचा कायदाही असाच बारकाईने वाचा. व्हिएतनामच्या काळात महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलांना भरतीतून सूट मिळवता येई, त्यामुळे ओझं गरीब आणि कमी शिकलेल्या घरांवर जास्त पडलं. कादंबरीतला १९९६ चा कायदा हे उलटं करतो. पन्नास पुरुष, पन्नास स्त्रिया, बुद्ध्यंक दीडशेच्या वर, शरीर धडधाकट, आणि त्यांनाच सक्तीने उचलायचं. मँडेला भौतिकशास्त्राचा विद्यार्थी आहे. ‘ज्यांची मुलं सुटली त्यांचीच मुलं घेतली असती तर?’ हा प्रश्न १९७० च्या दशकातल्या अमेरिकी वाचकाला इथे न विचारताच ऐकू येत असणार. जोड्या लावणाऱ्या वाचकाला हे सापडत नाही, कारण इथे साम्य नाहीच, उलटापालट आहे. एखादी विज्ञानकथा वास्तवापासून कुठे मुद्दाम फारकत घेते ते शोधा. अर्थ बहुतेक वेळा तिथे दबा धरून बसलेला असतो.

माझ्या दृष्टीने कादंबरीचा गाभा मात्र पहिल्या हल्ल्यात आहे. शिपायांना आधीच संमोहित करून ठेवलेलं असतं. त्यांच्या मनात टॉरनांच्या क्रौर्याच्या खोट्या आठवणी पेरलेल्या असतात आणि त्या चेतवायला सार्जंट एक ओळ म्हणतो. ती ओळ आहे रॉबर्ट बर्न्स यांच्या १७९३ च्या स्कॉटिश रणगीताची. ती कानावर पडताच सगळे पिसाळतात. मँडेलाला त्याही क्षणी पक्कं ठाऊक असतं की या आठवणी खोट्या आहेत, बाष्कळ आहेत. तरी अंगात खून चढतोच. समोरच्या टॉरनांना तर समोरासमोर कसं लढायचं हेच माहीत नसल्यासारखं दिसतं. ती लढाई नव्हती, कत्तल होती.

इथे लेखक एकाच कळीला तीन गोष्टी बांधतो. देशभक्तीचं गीत कळ म्हणून वापरलं जातं, हे एक. खोटं हे खोटं म्हणून ओळखता आलं तरी त्याचा अंमल उतरत नाही, हे दुसरं आणि फार भयंकर. तिसरी गोष्ट न्यूरेंबर्गची, म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतर नाझी नेत्यांवर चाललेल्या खटल्यांची. ‘मी फक्त हुकूम पाळला’ ही सबब अमानुष कृत्याला पुरत नाही, हे विसाव्या शतकाने ठरवलं होतं. मँडेलाला ते आठवतं, आणि त्याच्यापुढे प्रश्न उभा राहतो की हुकूम जर स्वतःच्याच अंतर्मनातून आला असेल तर? वर्गात या प्रसंगानंतर मी काही वेळ बोलत नाही. विद्यार्थीही बोलत नाहीत. मँडेला यातून सुटत नाही, कारण संमोहनाशिवायही माणसांनी असंच केलेलं त्याला माहीत आहे, आणि लेखक त्याला त्या आधाराने हात झटकू देत नाही.

घरी परतण्याचा भाग तुमच्या प्रतीत आहे की नाही ते आधी बघा. कादंबरीचे तुकडे ‘अ‍ॅनालॉग’ मासिकात येत होते. संपादक बेन बोवा यांना हा मधला भाग फार निराशाजनक वाटला, तेव्हा हॉल्डमन यांनी त्याच्या जागी दुसरा, सौम्य भाग लिहून दिला आणि पहिल्या पुस्तकातही तोच छापला गेला. मूळ भाग कादंबरीत परत आला तो कित्येक वर्षांनी, पुढच्या आवृत्त्यांमध्ये. या भागात पृथ्वीवर चलन म्हणून कॅलरी वापरतात, घराबाहेर पडायला अंगरक्षक लागतो, आणि मँडेलाच्या वृद्ध आईला उपचार मिळत नाहीत, कारण सरकारी यादीत तिचा प्राधान्यक्रम शून्य आहे. ती मरते. मुलगा ज्या जगासाठी लढला त्या जगाच्या हिशेबात तिला किंमत नव्हती. त्यानंतर मँडेला आणि मेरीगे पुन्हा सैन्यात जातात. चंद्रावर शिकवण्याची सुरक्षित नोकरी कबूल झालेली असते, ती लगेच मोडली जाते आणि दोघं पुन्हा आघाडीवर जातात. सौम्य भाग वाचलेल्याला प्रश्न पडतो की ही शहाणी माणसं परत का गेली. मूळ भाग वाचलेल्याला तो पडत नाही. शक्य असेल तर मूळ भाग असलेली आवृत्तीच मिळवा, एवढा मोठा फरक आहे.

एका बाबतीत मी या कादंबरीची बाजू घेत नाही. सुरुवातीच्या सैन्यात स्त्री शिपायांनी पुरुष शिपायांना शरीर उपलब्ध करून देणं हा रिवाज आहे आणि कायदाही, आणि हे इतक्या सहज सांगितलं जातं की लेखकाला त्याचं काही वाटलं असं दिसत नाही. पुढे शतकं उलटतात तशी लोकसंख्या आवरण्यासाठी समलैंगिकता हीच सर्वसामान्य रीत होते. मेजर झालेला मँडेला आपल्या तुकडीत एकटाच भिन्नलैंगिक उरतो आणि शिपाई पाठीमागे त्यालाच विकृत म्हणतात. यंत्रणा म्हणून ही युक्ती चोख आहे. बहुसंख्य वाचकाला ती एका क्षणात परका करून टाकते. पण परकेपणा दाखवण्यासाठी समलैंगिक माणसांना ‘बघा जग किती विचित्र झालं’ याची खूण म्हणून वापरणं आणि पुढे ते बदलता येण्यासारखं आहे असं सुचवणं, हे १९७४ सालचं मन आहे. विद्यार्थी यावर रागावतात आणि मला तो राग योग्य वाटतो. कादंबरी थोर आहे म्हणून तिची ही पानं झाकायची गरज नाही.

शेवटच्या लढाईतल्या स्तब्धक्षेत्र (स्टेसिस फील्ड) नावाच्या घुमटाबद्दल थोडक्यात. त्या घुमटाच्या आत कुठलीही गोष्ट सेकंदाला १६.३ मीटरपेक्षा जास्त वेगाने हलू शकत नाही, त्यामुळे बंदुका, लेसर, सगळं निकामी होतं. भविष्यातले हे शिपाई तलवारी, भाले, धनुष्यबाण घेऊन लढतात. तंत्रज्ञान शिगेला पोचून माणूस परत तलवारीवर आला, हा अर्थ सगळेच काढतात आणि तो बरोबरच आहे. मी त्यात एवढीच भर घालीन की अख्खी कादंबरी वेगावर उभी आहे आणि शेवटची लढाई वेगालाच बंदी असलेल्या जागेत होते.

आता टॉरन आणि शेवट. मँडेला परततो तेव्हा युद्ध संपून दोनशेहून जास्त वर्षं झालेली असतात. मानवजात आता एकाच माणसाच्या प्रतिकृतींची झालेली आहे, सगळ्यांचं मिळून एकच मन. टॉरन पहिल्यापासूनच तसे होते. त्यामुळेच दोघांना अखेर एकमेकांशी बोलता आलं. आणि बोलणं झालं तेव्हा टॉरनांनी आधी हेच विचारलं की तुम्ही हे का सुरू केलंत? माणसांनी म्हटलं, आम्ही? मानवी जहाजं हरवली होती आणि त्याचा ठपका टॉरनांवर ठेवला गेला होता. युद्ध हवं असलेल्यांना तेवढं निमित्त पुरलं.

इथे टोंकिनच्या आखाताची आठवण येणं साहजिक आहे. तिथे अमेरिकी युद्धनौकांवर झाल्याचं सांगितलेला ४ ऑगस्ट १९६४ चा हल्ला मुळात झालाच नव्हता, पण त्याच्या बळावर तीन दिवसांत अमेरिकी संसदेने राष्ट्राध्यक्षांना लष्करी कारवाईची मोकळीक दिली. या जागी रूपक शोधणाऱ्यांशी मी पूर्ण सहमत आहे. तरीही टॉरन म्हणजे व्हिएतनामी हे समीकरण मला मान्य नाही, आणि कारण कादंबरीतच आहे. टॉरन शेवटपर्यंत आपल्याला कळत नाहीत. त्यांची एक भाषा, एक चेहरा, एक घरसुद्धा आपल्यापुढे येत नाही. व्हिएतनामी माणसांना भाषा होती, गावं होती, कविता होत्या. त्यांना टॉरनांच्या जागी बसवलंत तर संमोहन केलेल्या शिपायाच्याच नजरेने तुम्ही वाचताय. टॉरन ही शत्रूची जागा आहे, ती रिकामी ठेवलेली आहे आणि तिच्यात काय भरायचं ते सरकार ठरवतं.

आणि गोड शेवट? कादंबरी अठरा प्रकाशकांनी नाकारली होती. हॉल्डमन सांगतात की बहुतेकांचं म्हणणं असं, पुस्तक चांगलं आहे पण व्हिएतनामवरची विज्ञानकथा कोणाला वाचायची आहे? पुढे तिला नेब्युला आणि ह्यूगो हे दोन्ही पुरस्कार मिळाले. तेव्हा शेवट बाजारासाठी गोड केला असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही, कारण शेवट त्याच यंत्रातून निघतो. मेरीगे आणि मँडेला यांना वेगवेगळ्या मोहिमांवर पाठवलेलं असतं. दोघांमध्ये शतकं पडणार, म्हणजे एकमेकांपुरते दोघं मेलेच. पण मेरीगे आधी परतते, युद्ध संपलेलं पाहते आणि इतरांबरोबर सैन्याची एक भंगारात निघालेली युद्धनौका विकत घेते. तिला कुठे जायचंच नसतं. ती नुसती प्रकाशवेगाजवळ जाऊन परत येत राहते, म्हणजे बाहेर दहा वर्षं सरतात तेव्हा तिचं वय एक महिन्याने वाढतं. तिने मँडेलासाठी तशी चिठ्ठी ठेवलेली असते. सैन्याने ज्या काळाच्या ताणाने त्यांना तोडलं, तोच ताण ती वाट पाहण्यासाठी वापरते. पुस्तकभर ही यंत्रणा कोणा ना कोणाच्या हुकमाने चालली होती. पहिल्यांदाच ती एका बाईने स्वतःच्या मर्जीने चालवली आहे. आणि मघाशी टिपून ठेवायला सांगितलेली नावं आता आठवा. युद्धातून जखमी परतलेल्या एका माणसाची बायको खरोखरच त्याची वाट पाहत होती.

शेवटचं पान एका छोट्या वर्तमानपत्रातलं कात्रण आहे. गावाचं नाव पॅक्स्टन, आणि लॅटिनमध्ये पॅक्स म्हणजे शांतता. बातमी अशी, की गावातल्या सर्वांत जुन्या रहिवाशांपैकी एक असलेल्या, १९७७ साली जन्मलेल्या मेरीगेला मुलगा झाला. वजन ३.१ किलो.